कापल्यावर ‘टक्’ का वाजतं? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आवाज रेकॉर्ड करून कापायच्या-जोडायच्या ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरबद्दल थोडंसं लिहिलं होतं, की फुकट आहे, एकाखाली एक कितीतरी ट्रॅक (म्हणजे आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या) घेता येतात, घरच्या साध्या कॉम्प्युटरवरही चालतं. त्यावर बरेच प्रश्न आले आणि मला मनापासून आनंद झाला, कारण लोक खरंच काहीतरी रेकॉर्ड करून बसलेत आणि कापाकापीत अडकलेत. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, म्हणून ज्यांच्या अडचणीत इतरांचीही अडचण आहे असे प्रश्न घेतलेत. उत्तरं ३.१ आणि त्यानंतरच्या व्हर्जनला धरून आहेत. ३.१ हे २०२१ मध्ये आलं आणि त्यात क्लिप, म्हणजे ट्रॅकवरचा आवाजाचा तुकडा, हाताळायची पद्धत बरीच बदलली, तेव्हा त्याआधीचं व्हर्जन असेल तर आधी ते बदला.

प्रश्न : दादा, मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. मुलांच्या आवाजात गोष्टी रेकॉर्ड करते, साधारण पाच-सात मिनिटांच्या. मुलं अडखळतात, तेवढा भाग सिलेक्ट करून डिलीट करते, पण जोडलेल्या जागी ‘टक्’ असा आवाज येतो आणि कधीकधी शब्दच वेगळा ऐकू येतो. माझं काय चुकतंय? – एक शिक्षिका, सांगोला

ताई, तुमचं फार काही चुकत नाहीये, तुम्ही फक्त कापायची जागा डोळ्यांनी निवडताय आणि ती कानांनी निवडायला हवी. आधी ‘टक्’चं बघू. आवाजाची लाट मधल्या रेघेच्या वर-खाली जात असते. एका सेकंदात कॉम्प्युटर त्या लाटेचे ४४,१०० ठिपके घेतो. तुम्ही मधला तुकडा काढला की डावीकडचा शेवटचा ठिपका वर असतो आणि उजवीकडचा पहिला ठिपका खाली, म्हणजे स्पीकरच्या पडद्याला एका क्षणात इकडून तिकडे उडी मारावी लागते, ती उडी म्हणजेच तो ‘टक्’. उपाय सोपा आहे. भाग सिलेक्ट केल्यावर डिलीट करायच्या आधी कीबोर्डवरचं झेड दाबा, सिलेक्शनच्या दोन्ही कडा आपोआप जवळच्या अशा जागी सरकतात जिथे लाट मधली रेघ ओलांडते. त्यानेही भागलं नाही तर जोडाच्या डावीकडे पाच ते दहा मिलिसेकंदांचा फेड आउट (आवाज हळूहळू उतरवणं) आणि उजवीकडे तेवढाच फेड इन (हळूहळू चढवणं) द्या. दहा मिलिसेकंद म्हणजे ४४१ ठिपके, कानाला फेड म्हणून जाणवतही नाही, पण टक् जातो.

पूर्वी रेडिओवर टेप असायची तेव्हा ब्लेडने तिरकी कापायचे, ४५ अंशात, आणि मग चिकटपट्टीने जोडायचे. ते तिरकं का, तर पाव इंच रुंदीच्या टेपवर तिरका काप म्हणजे एक आवाज हळूहळू जातो आणि दुसरा हळूहळू येतो. सेकंदाला १९ सेंटीमीटर वेगाने टेप फिरत असेल तर तो बदल जवळपास ३३ मिलिसेकंद चालतो. म्हणजे आपण आज माउसने जे करतो ते ती माणसं ब्लेडच्या कोनातून साधत होती. टेप हाताने हेडवर, म्हणजे यंत्राच्या टेप वाचणाऱ्या भागावर, मागेपुढे घासून, कान लावून नेमकी जागा शोधायची आणि तिथे पेन्सिलने खूण करायची. मला त्या लोकांबद्दल फार आदर आहे.

आता शब्द वेगळा ऐकू येतो त्याबद्दल, कारण हे कुणी सांगत नाही आणि मराठीत तर हे फारच महत्त्वाचं आहे. प, त, ट, क म्हणताना ओठ किंवा जीभ क्षणभर हवा पूर्ण अडवते, तेवढ्या वेळात खरोखरच आवाज नसतो, आणि मग हवा फटकन सुटते. भरपूर झूम केलंत (कंट्रोल आणि १ दोन-चारदा दाबा) तर दिसेल, बारीक सरळ रेघ आणि लगेच उभा काटा. ती सरळ रेघ म्हणजे कापायला सगळ्यात चांगली जागा, कारण बोलणाऱ्याचं तोंडच तिथे गप्प आहे. ब, द, ग मध्ये अडवलेल्या वेळातही घशातला आवाज थोडा चालू असतो म्हणून तिथे जरा सांभाळून. आणि ख, ठ, थ, भ यांच्यात काट्यानंतर जो केसाळ, फिसकटलेला भाग दिसतो तो श्वास आहे, तो कापला गेला की ‘खडा’चा ‘कडा’ होतो. तसंच श आणि स हळूहळू चढत जातात, त्यांचा सुरुवातीचा चढ कापून टाकला तर ‘शाळा’ची ‘चाळा’ होते, आणि मला वाटतं तुमचं नेमकं हेच होतंय. म्हणून श-स वर कधी मधूनच कापू नका, एकतर पूर्ण घ्या नाहीतर पूर्ण सोडा.

अजून एक. मुलांना सांगून ठेवा, की अडखळलास तर थांब, एक श्वास घे आणि ते वाक्य पहिल्यापासून परत म्हण. शब्दाच्या मधून जोडण्यापेक्षा वाक्य बदलणं शंभर पटीने सोपं असतं. आणि श्वास सगळे काढून टाकू नका, श्वास नसलेलं मूल ऐकायला कसंतरीच वाटतं.

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी पॉडकास्ट करतो, दोन माइक, दोन ट्रॅक. माझ्या ट्रॅकमधलं एक वाक्य काढलं की तिथून पुढे माझा सगळा आवाज आधी येतो आणि मैत्रीण मागे राहते. प्रश्नाआधीच उत्तर! – पुण्याहून

डिलीट केल्यावर पडलेली फट भरायला पुढचा आवाज डावीकडे सरकतो आणि तो फक्त तुमच्या ट्रॅकवर सरकतो, म्हणून हे होतंय. यावर दोन वेगळ्या वेळी दोन वेगळ्या गोष्टी करायच्या. वेळ खरंच कमी करायची असेल, म्हणजे दोघींमधली निरर्थक चर्चा उडवायची असेल, तर माउस दोन्ही ट्रॅकवर खालपर्यंत ओढून दोन्हीकडचा तोच वेळ सिलेक्ट करा आणि मग डिलीट करा, दोघी एकदमच सरकतील. ट्रॅक्स मेनूत सिंक-लॉकही आहे, ते चालू ठेवलं की एका ट्रॅकवरचा बदल दुसऱ्यालाही सोबत नेतो. पण नुसता तुमचा खोकला घालवायचाय, मैत्रीण बोलतच आहे, तर वेळ कमी करायचीच नाहीये, तेव्हा कंट्रोल, ऑल्ट आणि के दाबा. याला स्प्लिट डिलीट म्हणतात, आवाज जातो, जागा तशीच रिकामी राहते.

पॉडकास्टवाल्यांपैकी अर्ध्या लोकांचा गोंधळ या एकाच फरकात असतो. हात चालवायच्या आधी मनात विचारायचं, मला आवाज काढायचाय की वेळ काढायचीय.

प्रश्न : माझी आजी ८१ वर्षांची आहे, तिला जात्यावरच्या खूप ओव्या पाठ आहेत. मोबाइलवर दीड-दोन तास रेकॉर्ड केलंय. मध्ये कुकरची शिटी, कोंबडा, माझेच प्रश्न आहेत. ते काढले तर तिथे एकदम भोकं पडल्यासारखी शांतता येते. पंख्याचा आवाज घालवला तर आजीचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला. – एक नात, मूळ गाव जुन्नर तालुका

तुझं पत्र वाचून खरं सांगायचं तर मी थोडा वेळ काही लिहिलंच नाही. हे काम तू करतेयस हे फार मोठं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाच्या वर ओव्या गोळा करून ठेवल्या, त्यातल्या कितीतरी आज ऐकायलाही मिळतात, त्या त्यांनी वेळेत जमवल्या म्हणूनच मिळतात. तुझ्या आजीच्याही तशाच टिकायला हव्यात.

म्हणून सगळ्यात आधी हे कर. मोबाइलमधली मूळ फाइल जशी आहे तशी दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी करून ठेव आणि तिला कधीही हात लावू नकोस. जी काही कापाकापी करायची ती दुसऱ्या कॉपीवर. आज तुला कोंबडा नकोसा वाटतोय, वीस वर्षांनी तोच कोंबडा ऐकून तुझ्या डोळ्यांत पाणी येईल, आणि तुझे प्रश्न तर अजिबातच घालवू नकोस, कारण आजी कुणाला सांगतेय ते त्यातूनच कळतं.

आता भोकांचं. खोलीतली शांतता ही कधीच शून्य नसते, पंखा, रस्ता, भांडी, भिंतींवरून येणारा घुमारा असं सगळं मिळून एक बारीक आवाज सतत असतो. कॉम्प्युटरची शांतता मात्र शून्य असते. त्यामुळे सायलेन्स टाकलं की कानाला भोक जाणवतं. त्याला औषध म्हणजे त्याच खोलीची शांतता. त्याच रेकॉर्डिंगमध्ये आजी थांबलीय आणि कुणीच बोलत नाहीये असे दोन-तीन सेकंद शोध, ते कॉपी कर आणि कुकरच्या शिटीच्या जागी तेवढ्याच लांबीचं पेस्ट कर, दोन्ही टोकांना वर सांगितलेले छोटे फेड दे. पुढच्या वेळी बसाल तेव्हा सुरुवातीलाच अर्धा मिनिट सगळ्यांनी गप्प बसून नुसती खोली रेकॉर्ड करा, सिनेमाच्या शूटिंगमध्येही साउंडवाले हेच करतात, त्याला रूम टोन म्हणतात.

पंख्यासाठी तू नॉइज रिडक्शन वापरलंस, बरोबर आहे, पण जास्त झालं. आधी फक्त पंखा ऐकू येतो असा एक-दोन सेकंदांचा भाग सिलेक्ट करून त्याचा नमुना द्यायचा, मग सगळं सिलेक्ट करून कमी करायचं, आणि तिथे किती कमी करायचं तो आकडा ६ डीबी (डेसिबल, आवाजाची पातळी मोजायचं माप) ठेवून बघ. पंखा पूर्ण जाणार नाही, मागे हटेल, तेवढंच पुरे असतं. आजीचा आवाज पातळ आणि कापरा असेल, त्यातले बारीक कंगोरे आणि पंख्याचा आवाज एकमेकांत मिसळलेले असतात, जास्त ओढलंस की पंख्याबरोबर आजीही जाते. आणि जातं खरंच फिरवत असताना रेकॉर्ड केलं असेल तर त्या घरघरीवर नॉइज रिडक्शन अजिबात लावू नकोस. ओवीची लय जात्याच्या फेऱ्यावर बसलेली असते, दोन ओळींच्या मधला थांबा हा त्या फेऱ्याचा असतो, रिकामा वेळ नसतो. शांतता आपोआप छोटी करणारा ट्रंकेट सायलेन्स नावाचा इफेक्ट आहे, तो इथे चुकूनही नको.

ओव्या सुट्या करायच्या असतील तर कापायचीही गरज नाही. ओवी सुरू होते तिथे क्लिक करून कंट्रोल आणि बी दाब, लेबल लागेल, त्यात पहिले दोन-तीन शब्द मराठीतच टाइप कर. शेवटी एक्सपोर्ट करताना प्रत्येक लेबलप्रमाणे वेगळी फाइल आपोआप निघते. दोन तासांचं एक अखंड रेकॉर्डिंगही राहतं आणि सुट्या ओव्याही मिळतात.

प्रश्न : आमच्या गावच्या सप्ताहातलं कीर्तन दोन मोबाइलवर घेतलं, एक महाराजांपुढे, एक मागे टाळकऱ्यांजवळ. सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही ट्रॅक सुरुवातीला जुळवले, पण दीड तासानंतर आवाज डबल येतो. – अहिल्यानगर जिल्हा

प्रत्येक मोबाइलच्या आत एक घड्याळ असतं आणि दोन मोबाइलची घड्याळं कधीच तंतोतंत सारखी चालत नाहीत. दहा लाखात ४६ इतकाच फरक धरला तरी दीड तासात पाव सेकंद होतो, आणि पाव सेकंद म्हणजे सरळसरळ दोनदा ऐकू येतं. जुळवायला तुमच्याकडे फार छान गोष्ट आहे ती म्हणजे टाळ. टाळाचा ठोका लाटेत उभ्या खिळ्यासारखा दिसतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी जिथे महाराज थांबतात तिथे दुसऱ्या मोबाइलचा ट्रॅक कंट्रोल आणि आय ने कापा आणि तो पुढचा तुकडा वरच्या पट्टीला धरून सरकवत टाळाचा ठोका ठोक्याखाली आणा.

पण माझं मत विचाराल तर दोन्ही ट्रॅक एकाच वेळी पूर्ण आवाजात ठेवूच नका. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे दहा मीटर लांबच्या मोबाइलला महाराजांचा शब्द २९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. टाळ जुळवलेत तर महाराज जुळत नाहीत, महाराज जुळवलेत तर टाळ हलतात, आणि मिसळून सगळं डब्यात बोलल्यासारखं पोकळ होतं. निरूपण चालू असताना पुढचा मोबाइल, गजर सुरू झाला की हळूच मागचा वर आणायचा आणि पुढचा खाली, एवढं केलंत तरी ऐकणाऱ्याला मंडपात बसल्यासारखं वाटेल.

प्रश्न : भावाने अमेरिकेहून पाठवलेलं रेकॉर्डिंग ऑडॅसिटीत उघडत नाही, आणि माझा प्रोजेक्ट मित्राच्या कॉम्प्युटरवर उघडला तर आवाजच नाही. – ठाणे

पहिलं बहुतेक एमफोरए फाइल असणार, त्यासाठी एफएफएमपेग नावाची जोड लायब्ररी टाकावी लागते, ऑडॅसिटीच्या मदत पानांवर ती कशी टाकायची ते दिलंय. आणि भावाला सांगा व्हॉट्सॅपवर व्हॉइस मेसेज म्हणून रेकॉर्ड करून पाठवू नकोस, मोबाइलच्या रेकॉर्डरमध्ये घे आणि ती फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठव, आवाज जास्त चांगला राहतो. दुसरं, तुमचं व्हर्जन जुनं आहे, त्यात प्रोजेक्टची छोटी फाइल वेगळी आणि प्रत्यक्ष आवाजाचं फोल्डर वेगळं असायचं, तुम्ही फोल्डर न्यायला विसरलात. ३.० पासून सगळं एकाच फाइलमध्ये राहतं.

प्रश्न : दादा आमच्या मंडळाचा यंदा जिवंत देखावा आहे, १२ मिनिटांचा, शिवकालीन प्रसंग. निवेदन, संवाद, मागे म्युझिक, घोडे, तुतारी, पाऊस असं सगळं आम्हीच करतोय, स्टुडिओला पैसे नाहीत. म्युझिक मोठं केलं तर निवेदन कळत नाही, लहान केलं तर मजा जाते. आणि सगळं एकत्र केलं की आवाज फाटतो. – सांगली

वा! हे मल्टिट्रॅकचं खरं काम. चार ट्रॅक नाही, चार प्रकारचे ट्रॅक करा. निवेदनाचा एक, संवादाचे प्रत्येक पात्राला एक, म्युझिकचे दोन आणि इफेक्टचे लागतील तेवढे. प्रत्येकाला नाव द्या, रात्री दोन वाजता ‘ऑडिओ ट्रॅक ११’ म्हणजे काय हे कुणालाही आठवत नाही.

आधी फक्त निवेदन आणि संवाद पूर्ण लावून घ्या, म्युझिकला हातही लावू नका. नुसत्या बोलण्यावर देखावा उभा राहतोय का ते सगळ्यांनी डोळे मिटून ऐका. बहुतेक वेळा इथेच कळतं, की दोन वाक्यांमध्ये जागा कमी पडतेय. पात्राला तलवार काढायला, मागे वळायला वेळ लागतो, तो वेळ आत्ताच सोडा, नंतर म्युझिक लावल्यावर सरकवणं त्रासाचं होतं.

मग म्युझिक. निवेदनाखाली म्युझिक दबलं पाहिजे आणि निवेदन थांबलं की परत वर आलं पाहिजे, त्याला ऑटो डक नावाचा इफेक्ट आहे. म्युझिकचा ट्रॅक वर ठेवा, निवेदनाचा बरोबर त्याच्या खाली, म्युझिक सिलेक्ट करून इफेक्ट लावा, निवेदन असेल तिथे म्युझिक १२ डीबीने खाली जातं. काम झटपट होतं पण यंत्र आहे ते, वाक्याच्या मधल्या थांब्यावरही म्युझिक वर उसळतं. म्हणून बारा मिनिटांसाठी मी हातानेच करेन. एन्व्हलप टूल घ्या, एफ २ दाबून मिळतं, म्युझिकवर क्लिक करत ठिपके टाका आणि खाली-वर ओढा. निवेदन सुरू व्हायच्या साधारण अर्धा सेकंद आधी म्युझिक खाली यायला लागलं पाहिजे, म्हणजे पहिला शब्द मोकळा मिळतो, आणि संपल्यावर मात्र लगेच उसळी नको, एक-दीड सेकंद घेऊन चढू द्या. हे ऐकून ऐकून जमतं, दोन संध्याकाळी जातील पण फरक तुम्हालाच कळेल.

म्युझिकचा तुकडा छोटा असेल आणि परत परत लावायचा असेल तर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर कापा. ढोल-ताशा किंवा संबळ असेल तर नवा तुकडा बरोबर ठोक्यावर सुरू व्हायला हवा आणि जोड दहा मिलिसेकंदांचा पुरतो. तानपुऱ्यासारखा सलग सूर असेल तर उलट, दोन तुकडे दोन ट्रॅकवर ठेवून दोन सेकंद एकमेकांवर चढवा, तेवढा भाग दोन्हीकडे सिलेक्ट करून क्रॉसफेड ट्रॅक्स हा इफेक्ट लावा, एक उतरत जातो तसा दुसरा चढतो, जोड सापडणारही नाही.

क्लिप छोटी करायची असेल तर डिलीट करण्याऐवजी तिची कड धरून आत ओढा. कापलेलं लपतं, जात नाही, परत बाहेर ओढलं की मिळतं. घोड्यांच्या टापांचं तर असंच करा कारण दिग्दर्शक दहा वेळा मत बदलणार. टापा आधी लहान आवाजात आणि मग हळूहळू मोठ्या, म्हणजे घोडा लांबून येतोय असं वाटतं, आणि तुतारी कधीही निवेदनाच्या शब्दावर नको, शब्द संपल्यावरच.

आवाज फाटतो तो बेरजेमुळे. प्रत्येक ट्रॅक एकटा बरोबर असतो पण सगळ्यांची बेरीज मर्यादेच्या बाहेर जाते, दोन अगदी सारखे आवाज मिळाले तरी ६ डीबी वाढतात. उपाय म्हणजे निवेदन सोडून बाकी सगळं खाली घ्या, निवेदन वर नेऊ नका. सगळं वाजत असताना वरच्या मीटरवर सगळ्यात मोठ्या क्षणालाही लाल लागता कामा नये.

शेवटची फाइल मोनो करा, म्हणजे डावा-उजवा असे वेगळे भाग न ठेवता सगळा आवाज एकत्र. मांडवात किती वेळा एकच वायर जोडलेली असते आणि स्टिरिओचा डावाच भाग वाजतो, मग उजवीकडचा पाऊस गेला. मोनोत कुठलाही स्पीकर चालला तरी सगळं ऐकू येतं. एमपीथ्री नको, वेव्ह फाइल द्या, मोनोत मिनिटाला पाच एमबी होते, १२ मिनिटांची साठ-पासष्ट एमबी, पेनड्राइव्हला काहीच नाही. सुरुवातीला दहा सेकंद रिकामे सोडा, प्ले दाबणाऱ्याला पडद्यामागे पोचायला वेळ हवा. प्रत्येक प्रसंगाला लेबल लावून ती यादी फाइल मेनूतून बाहेर काढा, सेकंदांत मोजलेल्या वेळेसकट टेक्स्ट फाइल मिळते, तिची प्रिंट लाइटवाल्याच्या हातात द्या. आणि घरच्या हेडफोनवर झालं म्हणजे झालं असं नाही, गणपती बसायच्या आधी एकदा खऱ्या स्पीकरवर, रस्त्यावर गाड्या चालू असताना, पन्नास फुटांवर उभं राहून ऐका, म्युझिक अजून ३ डीबी खाली घ्यावं लागेल असं मला आत्ताच वाटतंय.